आवाजाचा दुसरा रस्ता : डिजिटल डीजेची यंत्रे ऐन कार्यक्रमात बंद पडतात तेव्हा

मे महिन्यातील एका संध्याकाळी नाशकातल्या गंगापूर रोडवरील एका लॉनवर संगीताचा कार्यक्रम रंगात आला होता आणि नवरीची आजी दोन नातींचे हात धरून, तिच्यासाठी मुद्दाम बसवलेल्या नाचाच्या दुसऱ्या कडव्यापर्यंत पोहोचली होती. तेवढ्यात लाइट गेली. दहा-बारा सेकंदांत जनरेटर सुरू झाला, मंडपातील झुंबरे पुन्हा उजळली, पण गाणे काही परत आले नाही. माझ्यासमोरचा लॅपटॉप बॅटरीवर व्यवस्थित चालू होता आणि पडद्यावर गाण्याची लाट दिसत होती, मात्र ती जागच्या जागी थांबली होती. लॅपटॉपला जोडलेला कंट्रोलर, म्हणजे गाणी हाताळायचे चाके-बटणांचे यंत्र, विजेवर चालणारा असल्यामुळे तो बंद पडून पुन्हा सुरू झाला होता आणि सॉफ्टवेअर त्याला ओळखायला तयार नव्हते. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडेपर्यंत आणि गाण्यांची यादी भरून येईपर्यंत चार मिनिटे गेली. वरातीसाठी बाहेर थांबलेल्या ढोल पथकाचा प्रमुख आत आला आणि म्हणाला, "दादा, आम्ही धरतो ठेका, तुम्ही तुमचं बघा." त्या मुलांनी ती चार मिनिटे सांभाळली. आजी मात्र खुर्चीवर जाऊन बसल्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत.

त्या रात्री माझ्याकडे जादा सामान नव्हते असे नाही. दुसरा लॅपटॉप बॅगेत होता, जुना पण चालू स्थितीतला कंट्रोलर गाडीत होता, पेनड्राइव्ह खिशात होता. यांतले काहीही स्पीकरला जोडलेले नव्हते आणि ते जोडायला जितका वेळ लागला असता तितक्या वेळात मूळ यंत्रच पुन्हा सुरू झाले. तेव्हापासून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, की बंद पडलेल्या यंत्राला वळसा घालून आवाज स्पीकरपर्यंत नेणारा दुसरा रस्ता कार्यक्रमाआधीच जोडून तपासलेला असेल, तरच त्याला बॅकअप म्हणावे. तो रस्ता कसा आखायचा, हे नाशकात लग्न, हळद, गणेशोत्सव आणि महाविद्यालयीन कार्यक्रमांत वाजवणाऱ्यांना, तसेच असे कार्यक्रम ठरवणाऱ्या घरच्या मंडळींनाही समजावे, या बेताने पुढचे लिहिले आहे.

दोन डेक, पण यंत्र एकच

पूर्वीच्या डीजेसमोर दोन स्वतंत्र यंत्रे असत. १९७२ साली बाजारात आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० या रेकॉर्ड प्लेअरची जोडी आणि मध्ये दोघांचा आवाज मिसळणारा मिक्सर, अशी ती मांडणी होती. एका प्लेअरची सुई खराब झाली तरी दुसऱ्या प्लेअरची तबकडी फिरतच राहायची, कारण दोघांत मिक्सरखेरीज सामाईक असे काही नव्हते. २००१ मध्ये पायोनियरचा सीडीजे-१००० आला तेव्हाही तबकडीच्या जागी सीडी आली एवढेच, दोन स्वतंत्र यंत्रांची पद्धत कायम राहिली. लॅपटॉप आणि कंट्रोलर आल्यावर मात्र चित्र मुळापासून बदलले. कंट्रोलरवर डावीकडे एक आणि उजवीकडे एक, अशी दोन चाके दिसतात, त्यामुळे दोन डेक, म्हणजे गाणे वाजवणारी दोन स्वतंत्र यंत्रे, आहेत असे वाटते. प्रत्यक्षात दोन्ही गाणी एकाच लॅपटॉपमध्ये, एकाच सॉफ्टवेअरमध्ये वाजत असतात, एकाच यूएसबी केबलमधून बाहेर पडतात आणि एकाच साउंड कार्डवर आवाजात रूपांतरित होतात. या साखळीतील कोणतीही एक कडी निखळली की दोन्ही डेक एकदम गप्प होतात.

ही साखळी कागदावर काढून पाहावी असे मी आग्रहाने सांगेन. डिस्कवरील फाइल, सॉफ्टवेअर, यूएसबी केबल, कंट्रोलरमधील साउंड कार्ड, कंट्रोलरचा मास्टर आउटपुट, तिथून साउंडवाल्यांच्या मिक्सरपर्यंत जाणारी केबल, पुढे ॲम्प्लिफायर आणि शेवटी स्पीकर. प्रत्येक कडीपुढे दोन प्रश्न लिहावेत: हिला वीज कुठून मिळते, आणि ही बंद पडली तर आवाज कोणत्या वाटेने जाईल? ज्या कडीपुढे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिता येत नाही, ती कडी कितीही महागड्या कंपनीची असो, तिथेच कार्यक्रम थांबणार असतो. माझ्या कागदावर त्या मे महिन्यात अशा पाच कड्या निघाल्या होत्या.

यंत्रांची सामायिक वाटणीही वेगवेगळ्या रूपांत लपलेली असते. व्यावसायिक प्लेअर, म्हणजे लॅपटॉपशिवाय पेनड्राइव्हवरून गाणी वाजवणारी यंत्रे, नेटवर्क केबलने एकमेकांना जोडून एकच पेनड्राइव्ह दोघांना पुरवण्याची सोय असते. ती सोय फार उपयोगाची आहे, पण तो पेनड्राइव्ह कोणाचा धक्का लागून निघाला की दोन्ही प्लेअर उपाशी राहतात. काही प्लेअर अशा वेळी स्मरणात उरलेले चार ठोके पुन्हा पुन्हा वाजवत ठेवतात, ज्याला इमर्जन्सी लूप म्हणतात, आणि त्यामुळे काही क्षण सावरायला मिळतात. तरीही त्याच गाण्यांचा दुसरा पेनड्राइव्ह दुसऱ्या प्लेअरमध्ये पहिल्यापासून लावलेला असणे, हा खरा उपाय आहे.

वीज : सर्वांत जास्त घात इथेच होतो

माझ्या अनुभवात यंत्र स्वतःहून बिघडण्यापेक्षा विजेमुळे बंद पडण्याचे प्रसंग कितीतरी अधिक आहेत, म्हणून या भागावर थोडे थांबतो.

लाइट जाणे हा त्यातला सौम्य प्रकार. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, कंट्रोलरला बहुधा नसते. लहान कंट्रोलर लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टवरच चालतात आणि लाइट गेल्याचा त्यांना पत्ताही लागत नाही. मोठे कंट्रोलर, मिक्सर आणि प्लेअर यांना मात्र वेगळी वीज लागते आणि जनरेटर सुरू होईपर्यंतचे दहा सेकंद त्यांना बंद पाडायला पुरेसे असतात. संगणकाच्या दुकानात मिळणारा साधा ६०० व्हीएचा यूपीएस कंट्रोलर व लॅपटॉप यांना पंधरा-वीस मिनिटे सहज चालवतो, कारण त्यांची विजेची भूक फार नसते. दोन व्यावसायिक प्लेअर आणि एक मिक्सर मिळूनही ती साधारण दीडशे वॅटच्या आत राहते. त्याच यूपीएसवर कोणी ॲम्प्लिफायर लावला तर मात्र पहिल्याच बेसच्या ठोक्याला यूपीएस हात टेकतो, म्हणून यूपीएस फक्त डीजेच्या टेबलासाठी आहे, हे मंडपातील सर्वांना सांगून ठेवावे. साध्या यूपीएसचा बॅटरीवरचा प्रवाह घरच्या विजेसारखा गुळगुळीत नसतो, त्यामुळे काही यंत्रांतून घरघर ऐकू येते. हे कार्यक्रमात कळण्याऐवजी घरी यूपीएसची पिन काढून दहा मिनिटे ऐकले म्हणजे कळते.

दुसरा प्रकार अधिक घातक आहे आणि वायरमन मंडळी त्याला 'न्यूट्रल गेला' असे म्हणतात. मोठ्या लॉनवर वीज तीन फेजची असते. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, तर दोन फेजमध्ये मोजले तर सुमारे ४०० व्होल्ट भरतात. न्यूट्रल ही तिन्ही फेजच्या प्रवाहाची परतीची सामाईक वाट आहे. जनरेटरजवळच्या पॅनेलमध्ये ती तार सैल झाली की वेगवेगळ्या फेजवरची उपकरणे एकमेकांच्या मागे जोडल्यासारखी होतात आणि ज्या फेजवर भार कमी, तिच्यावर २३०च्या जागी ३०० किंवा त्याहूनही अधिक व्होल्ट येऊ शकतात. डीजेचे टेबल हा नेमका कमी भार असतो. एका बाजूचे दिवे एकाएकी प्रखर झाले आणि दुसऱ्या बाजूचे मंदावले, तर ती या बिघाडाची खूण आहे, आणि ती दिसताच यंत्रे बंद करण्यापूर्वी कोणाला विचारत बसू नये. बहुतेक ॲडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. ३०० व्होल्ट सहन करण्याची त्यांची तयारी नसते. प्रमाणाबाहेर व्होल्टेज गेले की स्वतःहून वीज तोडणारे व्होल्टेज प्रोटेक्टर मिळतात आणि डीजेच्या बोर्डाआधी ते एक लावणे हा मला सर्वांत स्वस्त विमा वाटतो. मी टेबल लावण्यापूर्वी बोर्डात मल्टिमीटर घालून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे तीन आकडे पाहतो. पहिले दोन २३०च्या आसपास आणि तिसरा शून्याच्या जवळ असला की मगच पिन लावतो.

अर्थिंगविषयी एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. स्पीकरमधून सतत बारीक 'हूं' असा आवाज येतो, तो ५० हर्ट्झच्या विजेचाच असतो आणि डीजेचे टेबल व ॲम्प्लिफायर यांची अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणांहून आली की तो हमखास ऐकू येतो. तो घालवण्यासाठी थ्री-पिनची अर्थची पिन काढून टाकण्याची वाईट सवय आपल्याकडे आहे. ओल्या हिरवळीवर उभा असलेला माणूस हातात धातूचा माइक धरतो तेव्हा त्या काढलेल्या पिनची किंमत जिवाने मोजावी लागू शकते. टेबल व ॲम्प्लिफायर यांना एकाच पॅनेलवरून वीज घेणे आणि मध्ये डीआय बॉक्स (दोन बाजूंच्या तारांचा थेट विद्युत संबंध तोडून फक्त आवाज पुढे नेणारी डबी) लावणे, हे त्यावरचे योग्य उपाय आहेत. रंगपंचमीला, जेव्हा शहरात पेशवेकालीन रहाडी (रंगाच्या पाण्याचे जुने हौद) उघडतात आणि चौकाचौकांत पाणीच पाणी असते, तेव्हा तर ३० मिलिॲम्पिअर गळतीला वीज तोडणारा सुरक्षा स्विच पॅनेलमध्ये आहे, याची खात्री केल्याशिवाय मी वाजवत नाही.

ऊन आणि दव

ॲपल आपल्या लॅपटॉपसाठी १० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानाची शिफारस करते. नाशकात एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळीशीच्या आसपास जातो आणि चारच्या हळदीला टेबल नेमके पश्चिमेच्या उन्हात मांडलेले असते. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, त्यातून गाणे अडखळू लागते. मोबाइल तर तापला की सरळ बंद होतो, म्हणजे बॅकअपही त्याच उन्हात निकामी होतो. टेबलावर पांढरे कापड, डोक्यावर छत, लॅपटॉपखाली स्टँड आणि बॅकअपचा मोबाइल टेबलाच्या खाली सावलीत, एवढ्याने बरेच साधते. थंडीत वेगळीच गोष्ट घडते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो आणि मोकळ्या लॉनवर रात्री दव पडते. फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या) आणि जॅक यांवर साठलेला तो ओलावा करकर आवाजाच्या रूपाने बाहेर येतो, म्हणून वाजवणे थांबताच यंत्रांवर कापड टाकावे.

लॅपटॉप का अडखळतो

पंगतीचा दृष्टांत इथे चपखल बसतो. प्रोसेसर हा स्वयंपाकी, साउंड कार्ड ही पंगत आणि बफर हे वाढप्याच्या हातातील पातेले. पातेले लहान असेल तर वाढपी वारंवार स्वयंपाकघरात जातो आणि पदार्थ गरमागरम पानात पडतो. म्हणजे आपण बटण दाबले की आवाज लगेच येतो. पण स्वयंपाकी क्षणभर दुसऱ्या कामात गुंतला की पातेले रिकामे होते आणि पंगत खोळंबते. त्या खोळंब्याचा आवाज म्हणजे ती कर्कश टरटर. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापे) असतात, त्यामुळे २५६ नमुन्यांचा बफर सुमारे ५.८ मिलिसेकंद पुरतो आणि ५१२चा सुमारे ११.६ मिलिसेकंद. लग्नात गाणी एकमेकांत मिसळणाऱ्याला हा पाच-सहा मिलिसेकंदांचा फरक जाणवत नाही, तेव्हा मोठे पातेले घेणेच शहाणपणाचे. स्क्रॅच करणाऱ्यांनी, म्हणजे चाक मागे-पुढे घासून आवाज काढणाऱ्यांनी मात्र लहान बफरवर सराव करून पाहावा.

स्वयंपाक्याला दुसऱ्या कामांत कोण गुंतवते? अपडेट, अँटिव्हायरस, वाय-फाय, ब्राउझरच्या उघड्या राहिलेल्या खिडक्या. ही सगळी बंद करावीत, लॅपटॉपचे झोपी जाणे बंद करावे आणि विंडोजमध्ये यूएसबी पोर्टची वीज वाचवण्याची सोयही बंद करावी, कारण ती कधीकधी चालू कंट्रोलरचीच वीज तोडते. नवीन आवृत्ती आली म्हणून लग्नसराईच्या मध्यात ऑपरेटिंग सिस्टिम कधीही बदलू नये. २०१९ मध्ये ॲपलने मॅकओएस कॅटलिना आणताना आयट्यून्स हा प्रोग्राम मोडीत काढला, तेव्हा गाण्यांच्या यादीसाठी आयट्यून्सच्या एक्सएमएल फाइलवर अवलंबून असलेल्या डीजेंची अडचण झाली आणि बदल करू नये असे त्यांना सांगावे लागले. गाणी इंटरनेटवरून थेट वाजवण्याचा मोहही टाळावा, कारण लॉनवर पाचशे माणसे एकाच टॉवरवरून फोटो पाठवत असतात, तेव्हा आपल्या गाण्याला वाट मिळत नाही.

गाण्यांच्या फाइलींचा बिघाड हा मूक बिघाड आहे, तो गाणे लागेपर्यंत दिसत नाही. इथे सर्वाधिक चुका पेनड्राइव्हच्या फॉरमॅटमध्ये, म्हणजे त्यावर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीत, होतात. पूर्वीचे अनेक प्लेअर फॅट-३२ वाचतात, पण ६४ जीबीचा नवा पेनड्राइव्ह दुकानातून बहुधा एक्सफॅटमध्ये येतो, आणि विंडोजमधील नेहमीची फॉरमॅटची खिडकी वर्षानुवर्षे ३२ जीबीच्या पुढे फॅट-३२चा पर्यायच दाखवत नव्हती. म्हणून पेनड्राइव्ह लॅपटॉपवर उघडतो, पण प्लेअरवर उघडत नाही, असा प्रकार घडतो. ३२० केबीपीएसचे पाच मिनिटांचे एमपी-३ गाणे सुमारे १२ एमबी जागा घेते, तेव्हा ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये दोन हजारांहून अधिक गाणी मावतात, आणि एका लग्नाला त्याहून मोठा पेनड्राइव्ह लागतच नाही. दुसरे असे की गाण्यांच्या फाइली नुसत्या उचलून टाकल्या तर गाणी वाजतात, पण आपण लावलेल्या खुणा, ठोक्यांची आखणी आणि याद्या सोबत येत नाहीत. त्यासाठी सॉफ्टवेअरमधून निर्यातच करावी लागते. माझ्या मते वर्षानुवर्षांच्या खुणा असलेली ती माहिती गाण्यांहून मौल्यवान आहे. गाणी पुन्हा मिळतात, खुणा मिळत नाहीत. तिची एक प्रत लॅपटॉपमध्ये, दुसरी बाहेरच्या एसएसडीवर आणि तिसरी दुसऱ्या घरी, असे मी दर महिन्याला करतो.

केबलींबद्दल थोडक्यात. कंट्रोलरच्या मागचा चौकोनी यूएसबी जॅक जरासा हलला तरी सारे थांबते, म्हणून ती केबल टेबलाच्या पायाला चिकटपट्टीने बांधावी, म्हणजे ओढ जॅकवर येत नाही. यूएसबी २.० केबलची मर्यादा पाच मीटर आहे. मी दीड मीटरच्या पुढे जात नाही आणि कंट्रोलर यूएसबी हबला (एका पोर्टची अनेक पोर्ट करणाऱ्या डबीला) कधीच जोडत नाही. लांबच्या अंतरासाठी आरसीए (जुन्या टीव्ही-डीव्हीडीला असते तशी लाल-पांढऱ्या टोकांची केबल) वापरू नये, ज्याला आपले साउंडवाले कॅनन म्हणतात ती तीन पिनांची, वाटेतली घरघर कमी पकडणारी बॅलन्स्ड केबलच घ्यावी.

दुसरा रस्ता कसा जोडायचा

आता मुख्य गोष्ट. समजा माझ्याकडे बॅकअपसाठी एक मोबाइल आहे आणि मी तो कंट्रोलरच्या मागच्या ऑक्स जॅकला (बाहेरचा आवाज आत घेण्याच्या जागेला) लावला. लॅपटॉप अडकला तर हा मोबाइल कामाला येतो. पण कंट्रोलरच बंद पडला तर मोबाइलही गप्प होतो, कारण त्याचा आवाज त्याच कंट्रोलरमधून जात होता. म्हणून मोबाइलची केबल कंट्रोलरला पूर्ण टाळून थेट साउंडवाल्यांच्या मिक्सरच्या वेगळ्या चॅनेलवर गेली पाहिजे, आणि मिक्सर लांब असेल तर टेबलापाशी डीआय बॉक्स लावून तिथून कॅनन केबल न्यावी. त्या चॅनेलवर पांढरी पट्टी चिकटवून 'डीजे २' असे लिहावे. साउंडचेकच्या वेळी मुख्य गाणे चालू असताना ते बंद करून मोबाइलचे गाणे लावावे आणि दोन्हींची पातळी सारखी वाटेपर्यंत चॅनेल वर-खाली करून तिथे पेनने खूण करावी. मोबाइलचा आवाज कंट्रोलरहून बराच हळू असतो. ही खूण नसेल तर ऐनवेळी आधी काहीच ऐकू येत नाही आणि मग कानठळ्या बसतात.

मोबाइलमध्ये काय असावे, याचेही उत्तर अनुभवाने बदलत गेले. सुरुवातीला मी त्यात निवडक गाणी ठेवत असे, पण गाणे संपले की पुन्हा मोबाइलकडे धावावे लागते आणि दुरुस्तीसाठी दोन हात मोकळे राहत नाहीत. आता मी अर्ध्या तासाची आधीच मिसळून ठेवलेली सलग फाइल ठेवतो, एक हळदीची, एक जेवणाच्या वेळची, एक वरातीआधीची. संगीताच्या कार्यक्रमात मात्र ती फाइल पुरत नाही. तिथे आत्यांचा, मावश्यांचा, मित्रमंडळींचा नाच ठरावीक ट्रॅकवर बसवलेला असतो आणि दुसरे कोणतेही गाणे त्या जागी चालत नाही. म्हणून नृत्यशिक्षिकेकडून सगळे ट्रॅक किमान दोन दिवस आधी घ्यावेत, प्रत्येक शेवटपर्यंत ऐकावा आणि कार्यक्रमाच्या क्रमाने, आधी आकडा मग नाव लिहून, मोबाइलमध्येही भरावेत. मोबाइल फ्लाइट मोडवर असावा. नाहीतर नवरदेवाच्या मामांचा फोन स्पीकरवर वाजतो. नव्या मोबाइलला गोल जॅक नसतो, त्याचा टाइप-सी जोड केबललाच चिकटवून ठेवावा, तो सर्वांत आधी हरवतो.

पैसे थोडे असतील तर आधी दुसरा लॅपटॉप घ्यावा असे मला वाटत नाही. आधी जादा यूएसबी केबल, मोबाइलची केबल, डीआय बॉक्स, दोन पेनड्राइव्ह, मग यूपीएस, त्यानंतर यूएसबीवर चालणारा एखादा लहान कंट्रोलर, आणि सर्वांत शेवटी लॅपटॉप. दुसरा लॅपटॉप घेतलाच तर दोन यूएसबी पोर्ट असलेला मिक्सर किंवा कंट्रोलर असावा, म्हणजे दोन्ही लॅपटॉप आधीपासून जोडलेले राहतात. दोघांवर गाण्यांच्या याद्या सारख्या असाव्यात, पण दोघांवर एकाच दिवशी अपडेट टाकू नये, कारण मग एकच दोष दोघांना एकाच रात्री गाठतो.

पहिले तीस सेकंद

आवाज थांबला की हात आधी कंट्रोलरच्या मास्टरकडे (एकूण आवाजाच्या बटणाकडे) जावा आणि तो खाली यावा. चालू आवाजात केबल काढली-लावली की जो दणका बसतो, तो स्पीकरच्या ट्विटरला (उंच स्वर वाजवणाऱ्या भागाला) मारक असतो. साउंडवाल्याला हाताने खूण करावी, 'डीजे २' वर यावा, मोबाइलवर गाणे सुरू व्हावे. सूत्रसंचालकाशी आधीच ठरवलेले असावे, की आवाज थांबला तर त्याने माइक हाती घेऊन पुढच्या नाचाची ओळख करून द्यावी. त्यासाठी त्याचा माइक डीजेच्या कंट्रोलरला न लावता साउंडवाल्यांच्या मिक्सरलाच लावलेला असावा.

गाणे सुरू झाल्यावरच बिघाड शोधायला लागावे, आणि तो साखळी मधोमध तोडून शोधावा. कंट्रोलरचे आवाज दाखवणारे दिवे हलत आहेत का? हलत असतील तर दोष कंट्रोलरच्या पुढे, केबलमध्ये किंवा साउंडवाल्यांच्या मिक्सरवर आहे आणि लॅपटॉपला हात लावण्याचे कारण नाही. दिवे निपचित असतील पण पडद्यावर गाणे पुढे सरकत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये बहुधा साउंड कार्ड चुकीचे निवडले गेले आहे. पडद्यावरचे गाणेही थांबले असेल तर आधी यूएसबी केबल, मग सॉफ्टवेअर, आणि सर्वांत शेवटी लॅपटॉप पुन्हा चालू करणे. हा क्रम पाठ नसेल तर माणूस पहिल्यांदा लॅपटॉपच बंद करतो आणि नंतर कळते की साउंडवाल्यांच्या बाजूची कॅनन पायाने निघाली होती.

वेळेचे गणित आपल्याकडे आणखी एका कारणाने कठीण आहे. ध्वनिप्रदूषण नियमन व नियंत्रण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मोकळ्या जागेत, सणांसाठी शासनाने सवलत दिलेले मोजके दिवस सोडले तर, ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. साडेनऊला गेलेली पंधरा मिनिटे त्यामुळे पुढे कुठेही भरून काढता येत नाहीत.

हे सगळे हाताला सवय झाल्याशिवाय उपयोगाचे नाही. महिन्यातून एकदा मी घरी पूर्ण मांडणी लावतो, धाकट्या भावाला कोणतीही एक तार न सांगता काढायला सांगतो आणि मोबाइलचे गाणे सुरू होईपर्यंतचे सेकंद तो घड्याळात मोजतो. पहिल्या वेळी पन्नास सेकंद लागले होते, हल्ली आठ-नऊ लागतात. कार्यक्रम संपल्यावर सामान आवरतानाही एक काम ठरलेले आहे: जी केबल त्या रात्री एकदा जरी करकरली, तिला तिथल्या तिथे लाल पट्टी लावायची आणि इतरांबरोबर पिशवीत न टाकता वेगळ्या खोक्यात ठेवायची. दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर लावून, जॅकपाशी वाकवून आणि हलवून पाहिल्यावरच ती पुन्हा सोल्डर करायची की टाकून द्यायची, हे ठरते.